उरलेला रस्सा आणि ग्रिझली : माँटानाला येणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

एप्रिल उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. न्यू जर्सी, डॅलस, सॅन होजे, सिएटल. कुणाच्या तरी मावसबहिणीकडून माझा नंबर मिळालेला असतो. "ताई, तुम्ही ग्लेशियरजवळ राहता ना? जुलैत येतोय, चार फॅमिली, चौदा माणसं. अस्वल नक्की दिसेल ना?" मी कोलंबिया फॉल्सला राहते, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दरवाज्यापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. बारा वर्षं झाली. हॉटेलं विचारतात, व्हेज जेवण कुठे मिळेल विचारतात, मुलांना जॅकेट लागेल का विचारतात. कचरा कुठे टाकायचा, हे बारा वर्षांत एकानेही विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या ऑगस्टची गोष्ट सांगते. आमच्या रस्त्याच्या टोकाला भाड्याने मिळणारी एक लाकडी केबिन आहे. तिथे आपलीच मंडळी उतरली होती. संध्याकाळी लसणाचा, गरम मसाल्याचा वास झाडांतून माझ्या स्वयंपाकघरात आला आणि खरं सांगते, मला भरून आलं. डबाभर लाडू घेऊन मी गेले. डेकवर ग्रिल पेटलेली, मसाला लावलेल्या चिकनची पातेली, एका मोठ्या भांड्यात रस्सा, मुलांची पळापळ. निघताना म्हटलं, रात्री सगळं आत घ्या हं, ग्रिलसुद्धा खरवडून ठेवा. "हो हो ताई, काळजीच नको." कचऱ्याचा डबा तोपर्यंत भरला होता. मग दोन काळ्या पिशव्यांची तोंडं गाठ मारून बांधली आणि डेकच्या कठड्याशी ठेवून दिली. कुत्र्यामांजरांनी पसरू नये म्हणून आपल्याकडे बांधतात, अगदी तशी.

सकाळी पिशव्या नव्हत्या. पायऱ्यांवर हळदीचे पंजे उमटले होते. पिवळे, ओले, नीट पाच बोटांचे, आणि नखांचे ठिपके बोटांपासून बरेच पुढे. काळ्या अस्वलाची नखं आखूड आणि वाकडी असतात, ती बोटांना चिकटून उमटतात. हे ग्रिझली होतं, त्याहून मोठ्या जातीचं अस्वल.

मंडळींनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, 'आमच्याकडे रात्री पाहुणा' वगैरे, आणि दुपारी यलोस्टोनच्या रस्त्याला लागली. पाहुणा दुसऱ्या रात्री परत आला. तिसऱ्या रात्रीही आला. केबिनवर काही मिळेना, तेव्हा वळला शेजाऱ्यांच्या खुराड्याकडे. दोन रात्रींत सात कोंबड्या गेल्या. मग राज्याच्या वन्यजीव खात्याची माणसं सापळा घेऊन आली. रस्त्याखालच्या मोरीला घालतात तसला पन्हळी पत्र्याचा भलामोठा पाइप, चाकांवर बसवलेला, आत गाडीखाली मेलेल्या हरणाची तंगडी टांगलेली.

सापळा बंद झाला त्या सकाळी मी बघायला गेले. आवाज नव्हता. पाइपच्या भोकांतून नुसता श्वास ऐकू येत होता, लोहाराच्या भात्यासारखा. ओल्या घोंगडीचा वास. गुंगीचं औषध चढल्यावर त्याला बाहेर काढला, तेव्हा कळलं की एवढासाच आहे, तीन वर्षांचा नर. खांद्यावर ते ग्रिझलीचं वशिंड, पाठीवरच्या केसांची टोकं फिकट सोनेरी. अधिकाऱ्याने त्याचा ओठ उचलून दाखवला. वय मोजण्यासाठी एक लहान दात आधीच काढलेला होता आणि कानात जुना बिल्ला होता. म्हणजे हा पूर्वी एकदा पकडून दूर नेऊन सोडलेला. तेव्हाही कुणाच्या तरी उघड्या ठेवलेल्या खाण्यावरच सापडला होता. आता दुसऱ्यांदा. या वेळी त्याला सोडलं नाही. कुठलाच आवाज न होता, गुंगीतच ते झालं.

ती मंडळी तोवर घरी पोचली असतील. त्यांना हे कुणी कळवलंही नाही. मीसुद्धा नाही. त्याची बोच आहे म्हणूनही हे पत्र.

मी काही फार सोवळी नाही. माझ्या अंगणात प्लमचं झाड आहे, घर घेतलं तेव्हापासून. सप्टेंबरात फळांचा सडा पडतो आणि आंबूस गोड वास सुटतो. मला तो आवडायचा, आजोळच्या जांभळाची आठवण यायची, म्हणून मी फळं उचलायचे नाही. चौथ्या वर्षी एक मादी दोन पिल्लं घेऊन आली. खिडकीतून बघत आम्ही नवराबायको हरखून गेलो होतो. खात्याचा माणूस आला, रबरी गोळ्या झाडून तिला पिटाळलं आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, एवढी फळं तुम्ही उचलली असती तर मला आज तिच्या पिल्लांसमोर तिच्यावर गोळ्या झाडाव्या लागल्या नसत्या, रबरी का होईना. त्या दिवसापासून आमच्याकडे एक प्लम जमिनीवर राहत नाही. झाडाभोवती विजेचं कुंपण आहे.

आता, अस्वल इथे 'आलंय' असं जे आपण म्हणतो ना, तिथेच थोडी गफलत आहे. कॅलिफोर्नियातली मंडळी तर रोज त्याच्याखालून जातात. तुमच्या राज्याच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, १९११ पासून अधिकृतपणे आहे. आणि राज्यात ते एकही नाही. १९२० च्या दशकात शेवटची संपली. झेंडा आला तेव्हा अस्वल जवळजवळ गेलेलंच होतं. अलास्का वगळता अमेरिकेच्या पश्चिमेत एके काळी ग्रिझली पन्नास हजारांच्या घरात होती असा अंदाज सांगतात. बंदुका, विष, सापळे आणि मेंढ्यांचे कळप. १९७५ मध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा सातआठशे उरली होती, जुन्या मुलखाच्या दोन टक्क्यांहूनही कमी जागेत.

आणि तो जुना मुलूख नुसता डोंगरातला नव्हता. हे लोकांना खरं वाटत नाही. १८०५ च्या जूनमध्ये पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला निघालेला मेरिवेदर लुईस मिसूरी नदीच्या मोठ्या धबधब्यांपाशी एकटा हिंडत होता. नुकतीच एक गोळी बायसनवर, म्हणजे इथल्या गव्यावर झाडलेली, बंदूक रिकामी, आणि मागून ग्रिझली. पठ्ठ्या धावत जाऊन नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. ती जागा म्हणजे आजचं ग्रेट फॉल्स शहर. सपाट माळ. झाड नाही की कडा नाही. ग्रिझली हे माळरानाचंही जनावर होतं, आपण त्याला डोंगरात कोंडलं आणि मग पोस्टरवर छापलं की हे डोंगरातलं जनावर.

आज त्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली आहे. ग्लेशियरपासून दक्षिणेकडच्या पट्ट्यात हजारावर, यलोस्टोनभोवती हजाराच्या आसपास, बाकी थोडीथोडकी कॅनडाच्या हद्दीलगत. आणि ती पसरताहेत. पसरण्याची तऱ्हा मात्र सावकाश. मादीची लेक आईच्या शेजारीच घर करते, आपल्याकडच्या भावकीसारखी, बांधाला बांध लावून. दर दोनतीन वर्षांनी पिल्लं, त्यातली जगतील ती. त्यामुळे माद्यांचा मुलूख इंचाइंचाने वाढतो. तरुण नर मात्र उंडारतात. नदीनाल्यांच्या काठची झुडपं धरून, टीटन, सन, मरायस या नद्यांच्या कडेकडेने ते पूर्वेला गव्हाच्या शेतांपर्यंत उतरले आहेत. २०१८ च्या शरदात एक तरुण मादी तर बिटररूट खोऱ्यात स्टीव्हन्सव्हिलच्या गोल्फ मैदानावर सापडली, जिथे कित्येक दशकं ग्रिझलीचं ठाणं नव्हतं. करत काय होती? हिरवळ उकरून गांडुळं खात होती. गोल्फवाल्यांचा चेहरा मला बघायचा होता.

खाण्याचं सांगायचं तर या जनावराने मला आयुष्यात जेवढं थक्क केलंय तेवढं कुणी केलं नसेल. ऑगस्टमध्ये दहा हजार फुटांवर, जिथे नुसत्या दरडी असतात, तिथे ग्रिझली दगड उलथत बसलेली दिसते. खालच्या माळावरच्या गव्हाला ज्या अळीची कीड लागते, तिचेच पतंग उन्हाळ्यात डोंगरावर येऊन दगडांखाली दडतात. फुलांचा मध पिऊन ते चरबीने टम्म झालेले असतात. एक अस्वल दिवसाला चाळीस हजारांपर्यंत पतंग खातं. पाचशे किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला कल्पनाही नसते की त्याची कीड कुणीतरी चाटूनपुसून खातंय. शरदात थंडीची झोप जवळ आली की त्याला दिवसाला वीस हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. आता विचार करा. हकलबेरीचं एक एक रानफळ जिभेने ओढत दिवस काढायचा, की तेल तरंगणाऱ्या रश्श्याची एक पिशवी फाडायची? त्याने काय निवडावं अशी आपली अपेक्षा आहे?

मी मूळची जुन्नरकडची. उसाच्या मुलखातली. आमच्या आजीच्या तोंडी बिबट्या नसायचा, 'वाघरू' असायचं. संध्याकाळी शेळ्या आत घ्यायच्या, पोरांना एकट्याने बांधावर पाठवायचं नाही, बॅटरी घेतल्याशिवाय मोटर चालू करायला जायचं नाही. बिबट्याची मादी उसातच व्यायची. ऊसतोड आली की बछडी सापडायची. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मिशन व्हॅलीत गेले, फ्लॅटहेड जमातींच्या आरक्षित मुलखात. डोंगराच्या पायथ्याशी डेअरीवाल्यांची मक्याची शेतं. तिथल्या बाईने सहज सांगितलं, मक्यात अस्वल आहे, आत जाऊ नका. मी जागच्या जागी थांबले. पानांची सळसळ तीच, भीती तीच, बाईचा तो सहज सूरही तोच. ऊस नाही, मका. वाघरू नाही, ग्रिझली. दहाबारा हजार किलोमीटर आले होते आणि बांधावरच उभी होते.

त्याच जमातींनी आपल्या मुलखातून जाणारा महामार्ग क्रमांक ९३ रुंद होताना अट घातली होती की रस्ता जनावरांचाही आहे. आज तिथे चाळीसच्या आसपास भुयारं आहेत आणि एक झाडोऱ्याने भरलेला पूल आहे, त्यावरून ग्रिझलीसुद्धा जाते. त्या पुलाखालून गाडी नेताना वेग कमी करा आणि मान वर करून बघा. अस्वल दिसणार नाही. तरी बघा.

आता जरा अवघड विषय. दर वर्षी मंडळांच्या ग्रुपवर एक याचिका फिरते: ग्रिझली वाचवा, खाली सही करा. मी पण करते. पण सहीबरोबर जे लिहिलं जातं ते वाचून लाज वाटते. 'हे रँचर लोक खुनी आहेत', 'गाई पाळायच्याच कशाला'. तिकडे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये सोफ्यावर बसून. (गाई पाळायच्याच कशाला, हे लिहिणाऱ्याने त्या आधी पनीरचा फोटो टाकला होता, ते असो.)

शोटो गावाच्या बाजूला आमचे स्नेही आहेत, तिसऱ्या पिढीचे पशुपालक. एप्रिलमध्ये गाई व्यायला लागतात, नेमकी तेव्हाच अस्वलं झोपेतून उठून नदीकाठाने खाली येतात. म्हातारा रात्री तीनदा उठून गोठणावर बॅटरी मारत फिरतो. वासरू गेलं तर राज्य भरपाई देतं, पण आधी सरकारी माणूस येऊन जखमा तपासणार, सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर मोजणार, कातड्याखाली रक्त साकळलंय का बघणार. म्हणजे मारलं की मेल्यावर खाल्लं, ते ठरणार. आपला पंचनामाच. आणि वासरू सापडलंच नाही तर? मैलोगणती पसरलेल्या कुरणात कितीतरी वासरं नुसती मोजणीत कमी भरतात. त्यांचा पंचनामा कशाचा करणार? हे सगळं तो मला सांगत होता आणि मला आमचे तात्या दिसत होते, शेळीच्या नुसत्या दोरीकडे बोट दाखवून वनरक्षकाशी हुज्जत घालणारे.

तरीही त्या म्हाताऱ्याने मेलेली जनावरं मागच्या खळग्यात टाकायची घराण्याची जुनी रीत बंद केली. आता गाडी येऊन उचलून नेते. ब्लॅकफूट खोऱ्यातल्या लोकांनी हे वीस वर्षांपूर्वी सुरू केलं. 'ब्लॅकफूट चॅलेंज' नावाची त्यांची संस्था १९९३ ची, आणि संस्था म्हणजे तिथलेच शेतकरी, खात्याचे लोक, सगळे एका टेबलाशी. मेलेली गुरं उचलायची, व्यायच्या कुरणांना आणि मधमाश्यांच्या पेट्यांना विजेचं कुंपण घालायचं, घोड्यावरून कळपात फिरणारा माणूस ठेवायचा. ऐकायला कंटाळवाणं आहे. यावर कुणी रील करत नाही. पण त्या खोऱ्यातून अस्वलांना दक्षिणेची वाट मिळते ती यामुळेच. तुम्ही याचिकेवर सही करता तेवढ्याच वेळात एखाद्या कुंपणाला पन्नास डॉलर पाठवता येतात. मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीतून एक कुंपण काढा. विसर्जनाचा डीजे थोडा लहान चालेल.

कायद्याचं घोंगडं भिजत पडलंय ते थोडक्यात सांगते, कारण फोनवर हेही विचारतात. यलोस्टोनच्या ग्रिझलींना २००७ मध्ये संरक्षित यादीतून काढलं, २००९ मध्ये कोर्टाने परत घातलं. २०१७ मध्ये पुन्हा काढलं, २०१८ मध्ये वायोमिंगची शिकार दोन दिवसांवर आली असताना माँटानातल्या मिझुलाच्या न्यायालयाने आधी ती थांबवली आणि महिन्याभरात अस्वलांना पुन्हा यादीत घातलं. २०२५ च्या जानेवारीत केंद्राच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने माँटाना आणि वायोमिंगची मागणी फेटाळली, आणि त्याच कागदात पशुपालकांना त्रास देणाऱ्या अस्वलांबाबत जास्त मोकळीक देण्याचा प्रस्तावही ठेवला. माझं मत विचाराल तर घाई नको. यलोस्टोनची अस्वलं आणि आमच्याकडची अस्वलं अजून एकमेकांना भेटलेली नाहीत. २०२४ मध्ये आमच्याकडची दोन, एक नर आणि एक मादी, गाडीत घालून तिकडे नेली, नवं रक्त मिळावं म्हणून. मधला टापू ती आपल्या पायांनी ओलांडू लागली की मग यादीचं बघू. पण मोकळीक देण्याच्या प्रस्तावावर मी दात ओठ खात नाही. शोटोच्या म्हाताऱ्याला निदान आपलं कुणी ऐकतंय असं वाटलं तर तो कुंपणाची तार ताणून ठेवेल.

आणि मधला तो टापू म्हणजे काय जंगल नाही. खोरी आहेत, वस्त्या आहेत, नवी घरं आहेत. यातली काही घरं आता आपली मंडळी घेताहेत, घरून काम करता येतं म्हणून किंवा भाड्याने देण्यासाठी. तुम्हाला वेगळं सांगते. अस्वल कुठवर पसरेल हे कोर्टात ठरेल असं आपल्याला वाटतं. ते ठरतं बुधवारी, कचरागाडी यायच्या आदल्या रात्री, तुमच्या डब्याला कडी आहे की नाही यावर. कुंडी अस्वलाला न उघडणारी घ्या. ती तपासतात कशी माहीत आहे? वेस्ट यलोस्टोनला एक केंद्र आहे, तिथे जंगलात परत सोडता न येणारी ग्रिझली ठेवली आहेत. कंपन्या आपले डबे, कूलर तिथे पाठवतात. आत मध, मासे वगैरे भरतात आणि अस्वलांसमोर टाकतात. साठ मिनिटं टिकला तर पास. मी गेले होते तेव्हा एका अस्वलाने एक महागडा कूलर आधी हुंगला, मग त्यावर पुढचे दोन पाय ठेवून नुसतं उड्या मारल्यासारखं केलं. तिसऱ्या उडीला बिजागरी गेली. प्रेक्षकांत बसलेला कंपनीचा माणूस बिचारा टिपणं काढत होता. मुलांना घेऊन जायला फार उत्तम जागा.

हौसेने पक्ष्यांना दाणे टांगता? एप्रिल ते नोव्हेंबर काढून ठेवा. कोंबड्या पाळायच्या तर आधी विजेचं कुंपण, मग कोंबड्या. उलटा क्रम चालत नाही. सफरचंदं वेळेत उतरवा, नको असतील तर शेजाऱ्यांना सांगा, इथे उचलून नेणारी पोरं आहेत. घर भाड्याने देत असाल तर नियम दाराच्या आतल्या बाजूला मराठीतही लावा. हसू नका. इंग्रजीतला कागद आपले लोक वाचत नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सिएटल-बेलव्ह्यूची मंडळी म्हणतील आमचा काय संबंध. आहे. तुमच्या जवळच्या नॉर्थ कॅस्केड्स डोंगररांगेत १९९६ नंतर ग्रिझली खात्रीने दिसलेली नाही. तिथे दर वर्षी तीन ते सात अस्वलं आणून सोडायचा निर्णय एप्रिल २०२४ मध्ये झाला. ती येतील तेव्हा तुमच्या शनिवार-रविवारच्या ट्रेकच्या वाटेवरच येतील. आतापासून सवय लावलेली बरी.

खायला घातल्याने काय होतं हे या मुलखाने फार महाग शिकलंय. यलोस्टोनमध्ये १९३० च्या दशकात हॉटेलांच्या उकिरड्यासमोर बाकं मांडलेली असत, संध्याकाळी लोक अस्वलं बघायला बसत, आपल्याकडे तमाशाच्या तंबूत बसतात तसे. ग्लेशियरमध्ये ग्रॅनिट पार्कच्या डोंगरातल्या निवासाजवळ उरलंसुरलं मागे टाकायचे आणि पाहुणे ग्रिझली बघायचे. उद्यान १९१० चं. सत्तावन्न वर्षांत तिथे अस्वलाने माणूस मारल्याची नोंद नव्हती. १९६७ च्या ऑगस्टमधल्या एका रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या ग्रिझलींनी दोन मुलींना मारलं. दोघीही एकोणीस वर्षांच्या. एक त्या निवासाजवळच्या तळावर झोपली होती. त्यानंतर अस्वलांचं काय झालं असेल ते तुम्ही ओळखालच. आज उद्यानात प्रत्येक कचराकुंडीच्या झाकणाखाली हात घालून खटका दाबावा लागतो, तो वैताग त्या रात्रीपासून आहे.

आम्हा मराठी लोकांच्या डोक्यातलं अस्वल दरवेशाचं आहे, नाकात वेसण घालून नाचणारं, ज्याचा केस ताईतात घातला की पोर दचकत नाही. म्हणून की काय, गाडी थांबवून खाली उतरायचा मोह आवरत नाही. नियम शंभर यार्डांचा आहे, म्हणजे क्रिकेटच्या साडेचार खेळपट्ट्या. अंगठा लांब धरून एक डोळा मिटा. अख्खं अस्वल अंगठ्यामागे लपत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. ग्रँड टीटन उद्यानातली प्रसिद्ध मादी, क्रमांक ३९९, आठवते? २०२० मध्ये चार पिल्लं घेऊन फिरत होती, तेव्हा आपल्या ग्रुपांवर तिचे व्हिडिओ महिनाभर फिरले. तिने पिल्लं रस्त्याच्या कडेनेच वाढवली, नरांपासून लांब राहायला ती जागा बरी पडत होती म्हणून. २०२४ च्या ऑक्टोबरात, अठ्ठाविसाव्या वर्षी, ती गाडीखाली गेली. ग्रुपवर श्रद्धांजल्या आल्या. त्याच आठवड्यात एका गृहस्थांनी यलोस्टोनमधला आपला फोटो टाकला होता, मागे अस्वल, अंतर फार तर चाळीस फूट. त्यालाही बदाम आले.

शेवटी स्प्रेचं. बेअर स्प्रे म्हणजे मिरचीचा ठेचा दाबून भरलेला डबा, दुसरं काही नाही. तो अंगाला लावायचा नसतो. गेल्या जूनमध्ये एका काकांनी विचारलं होतं, ओडोमॉससारखा लावायचा ना? त्यांना हसू नका, तंबूवर मारणारे लोकही भेटतात, आणि तो वास ओसरल्यावर अस्वल उलट चौकशीला येतं. कमरेला अडकवा, पाठीवरच्या पिशवीत नको. पिन काढायचा सराव गाडीतळावर करा. ग्रिझली अंगावर येत असेल तर तीस फुटांवर आली की तिच्या पुढ्यात जमिनीकडे किंचित तिरका मारा, ढग तयार होऊ द्या. पळू नका. वाटेने बोलत चला. चौदा मराठी माणसांना हे जमायला हरकत नाही.

हा स्प्रे विमानात नेता येत नाही, सामानातही नाही. त्यामुळे दर वर्षी विमानतळाच्या वाटेवर शेकडो डबे फुकट जातात, आणि दर वर्षी नवे येणारे पन्नास डॉलरचा स्प्रे नको म्हणून तसेच डोंगरात जातात. माझ्या दाराबाहेर, पायरीच्या डाव्या हाताला, झाकणाची एक बादली आहे. परत जाताना तुमचा न वापरलेला डबा त्यात टाका. येताना त्यातला घेऊन जा, तळाशी छापलेली मुदत बघून. पत्ता फोनवर विचारा. आज सकाळी मोजले, अकरा आहेत. दोनांची मुदत संपलीय.

आणि कचऱ्याची पिशवी गाडीतच ठेवा, काचा वर करून. माझ्या गॅरेजमध्ये कडीचा डबा आहे, बुधवारपर्यंत ठेवायला हरकत नाही.

तुमची,
कोलंबिया फॉल्सची एक जुन्नरकरीण